साचे

कुताइसीत, रिओनीच्या पुलाजवळ,
दवाखान्याच्या तळघरात माझं टेबल आहे.
वर डॉक्टर गुरामी माणसं तपासतात.
खाली माझ्याकडे येतात ती फक्त त्यांची तोंडं,
प्लास्टरची,
उन्हाळ्यात नदी आटली की उघडे पडतात
त्या गोट्यांसारखी पांढरी,
तळाला पेन्सिलीने आकडा.

एकवीस वर्षं झाली. नावं मी विचारत नाही.
दाढांचे उंचवटे पाटासारखे सपाट दिसले
की समजते, इथे रात्रभर कुणीतरी दळण घातलंय.

एकशे चाळीस: बँकेतल्या काउंटरवरची बाई.
कान दुखतो म्हणून तीन डॉक्टर पालथे घातले तिने.
कानात काहीच नव्हतं.
दोनशे दोन: टॅक्सीवाला, घर गहाण.
अक्रोड फोडताना दाढ उभी चिरली
आणि त्याने शिव्या दिल्या अक्रोडाला.
एक साचा तर मी वर परत पाठवला होता,
म्हटलं, कुणा म्हातारीचा चुकून आलाय.
सतरा वर्षांची मुलगी होती.
प्रवेशपरीक्षा महिन्यावर आलेली.

त्यांना मी रात्री लावायची पट्टी करून देते,
दोन मिलिमीटर जाड, आरपार दिसणारी.
तिने थांबत काहीच नाही,
दातांऐवजी ती झिजते, एवढंच.
सहा महिन्यांनी खड्डे पडून परत येते.
मी दुसरी करते. असा धंदा.

ऑगस्टमध्ये लमारा आली, माझी धाकटी बहीण.
इटलीत, बारीला, एका आजारी बाईला सांभाळते.
सात वर्षं. रजेसाठी दातांच्या कण्या केल्या
तेव्हा मिळाले दोन आठवडे.
एरवी रोज संध्याकाळी फोनच्या काचेत:
छान चाललंय. सिन्योरा जेवली.
आज समुद्र शांत आहे. पैसे मिळाले का?
मिळाले. छताचे पत्रे बदलले,
तिच्या पोराची फी भरली,
आईच्या थडग्यावर दगड बसवला.
ती हसायची, आणि आम्ही फोन ठेवायचो.

तिसऱ्या दिवशी तिचा दात तुटला.
पावावर. भट्टीतून नुकत्या काढलेल्या मऊ पावावर.
मला न सांगताच ती गुरामींकडे गेली.
खाली आला तीनशे अकरा.
नेहमीसारखा दिव्याखाली धरला
तर डावीकडचा तो तिरका सुळा,
बापाचा, आम्हा दोघींनाच मिळालेला.
त्याच्यामागे सगळं सपाट.

त्या रात्री मी तिच्या शेजारी जागी राहिले.
बाराच्या सुमाराला सुरू झालं,
दूर कुणी जड कपाट ओढत न्यावं तसं.
तीन वीसला ती उठून बसली,
अंधारात चपला शोधू लागली.
कुणी हाक मारली नव्हती.

सकाळी विचारलं. म्हणाली,
सिन्योरा म्हणते, रात्री दगड चावतेस.
मी म्हटलं, आमच्या गावात दगड पुष्कळ.
मग कॉफी ढवळता ढवळता, हवापाण्यावर बोलावं तसं:
पाळी बंद झाली, एक्केचाळिसाव्या वर्षीच.
कंगवा भरून केस येतात.
जिना चढला की छातीत कबुतर शिरल्यासारखं होतं.
आणि परवा चाळणीला आपल्या भाषेत काय म्हणतात
ते आठवेना, दुकानात उभी राहून रडले.
चाळणीसाठी, बघ ना!

पट्टी मी तिच्यासाठीही केली. तीन वेळा पॉलिश केली.
डबीवर आकडा घालायला पेन्सिल उचलली
आणि नाव लिहिलं.

ती गेली. पहिल्या संध्याकाळी फोन.
छान चाललंय, सिन्योरा जेवली.
मी म्हटलं, तोंड उघड. जवळ आण फोन.
वेडी आहेस का, म्हणत तिने उघडलं.
तिकडे दिवा मंद होता, मला काही दिसलं नाही.
हसू थांबलं तरी जबडा तसाच
सैल, उघडा राहिला बराच वेळ.
मीही बोलले नाही.
पैशांचं त्या दिवशी तिने विचारलं नाही.

माझा स्वतःचा साचा
मी अजून ओतलेला नाही.