आईवर कोण गेलं

काटवाइकच्या धक्क्यावरच्या बायका म्हणायच्या,
नेल्त्ये आईवर गेली.
तेच नाक, तेच तोडून बोलणं,
आणि पाठभर तेच तीळ,
कुणी मिरपूड सांडावी तसे.
लेंडर्टची पाठ कोरी, धुतलेल्या शिडासारखी.
घरात न बोलताच ठरून गेलं
की आईचं दुखणं माझ्या वाट्याचं.

बायबलच्या शेवटच्या पानावर आजीचं अक्षर:
हाउख, एकावन्न. क्लाझिना, सत्तेचाळीस.
दोघांपुढे एकच शब्द, पोट.
खाली वडिलांनी आईचं नाव घातलं
आणि पुढे काही लिहिलंच नाही.

स्वादुपिंड, लायडनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
जठरामागे दडून असतं,
बोंब मारतं तोवर उशीर झालेला असतो.
नाव एवढं चविष्ट,
आणि आईला शेवटी पाणीही कडू लागायचं.
बाईंनी चौकोन काढले, वर्तुळं काढली,
मेलेल्यांवर तिरकी रेघ.
वडिलांना ते फाटलेलं जाळं वाटलं,
त्यांची बोटं खिशात सुई चाचपू लागली.

सात आठवडे लागतील म्हणाले.
मी मृत्युपत्र केलं,
सायकल भाचीला देऊन टाकली,
केस कापले, का कोण जाणे.
लेंडर्ट नुसता सोबत आला होता;
आलोच आहे तर माझंही घ्या म्हणत
त्यानं बाही वर सारली होती,
गालात ज्येष्ठमधाची खारट गोळी.

माझ्या पाकिटात काही निघालं नाही.
त्याच्यात निघालं:
एका ठिकाणची एकोणीस अक्षरं गळालेली.

आळ आयुष्यभर माझ्यावर
आणि माल सापडावा त्याच्याकडे.
सुटल्यासारखं झालं, आणि त्याच्याकडे बघवेना.

हा कागद म्हणजे आजार नव्हे, बाई म्हणाल्या,
कुठे बघायचं, तेवढं हा सांगतो.
तेव्हापासून दर नोव्हेंबरात
लेंडर्ट त्या खडखडणाऱ्या नळकांड्यात शिरतो
आणि मी बाहेर
त्याचं घड्याळ, त्याची अंगठी मुठीत धरून.

चौथ्या वर्षी, नऊ मिलिमीटर.
वाटाणा, वडील म्हणाले, आणि पुढे गप्प.
पण मला दुखत नाही, लेंडर्ट म्हणत राहिला,
तक्रार केल्यासारखा.
म्हणूनच तर, बाई म्हणाल्या.

ऑपरेशन मंगळवारी आहे.
पुढचं कुणी छातीठोक सांगत नाही,
आम्हीही विचारत नाही.
महिन्यातून एकदा त्याची कातडी बघायची असते,
तेही त्याच कागदात आलेलं.
काल रात्री स्वयंपाकघरात दिवा जवळ ओढला,
त्यानं सदरा काढला, थंडीनं शहारला.
डाव्या खांद्याखाली, मोहरीएवढा,
एक तीळ.
आईला तिथेच होता.

कधीचा आहे, त्यानं विचारलं.
माहीत नाही, मी म्हणाले,
तुझ्या पाठीकडे कधी कुणी बघितलंच नाही.
मग वही घेतली.
तारीख घातली. माप घातलं.