गायक: अज्ञात

शालिमारला शकीलभाईच्या टपरीवर
तीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं.
"नवी टाकू की जुनी?" एवढंच तो विचारायचा,
आणि स्क्रीनवर निळी पट्टी सरकत राहायची,
गिरणीत डब्यात पिठाची धार पडावी तशी.
गहू कुणाच्या शेतातला, गिरणी विचारत नाही.

माझ्या कार्डात दोन हजार एकशे सहा गाणी होती.
निम्मी मी कधी ऐकलीच नाहीत.
गायकाच्या जागी लिहिलेलं असायचं: अज्ञात.
किंवा: शकील मोबाईल, शालिमार.

मग रेणुका जेजुरकर.
एफवायला माझ्या पुढच्या बाकावर.
वडलांचं सातपूरला लेथ मशीनचं वर्कशॉप.
रविवारी मशीन बंद असताना
तिनं तिथेच गोधड्या टांगून
एक गाणं रेकॉर्ड केलं, साडेतीन मिनिटांचं.
शेवटी, नीट कान दिला तर,
टेम्पोचा रिव्हर्स हॉर्न ऐकू येतो.

कॅन्टीनमध्ये मी तिला मोठ्या ऐटीत म्हणालो,
"तुझं गाणं आहे माझ्याकडे! अख्ख्या वर्गाला पाठवलंय."
तिनं फोन घेतला. पाहिलं.
गायक: अज्ञात.
रागावली नाही.
पाव मोडला, तर्रीत बुडवला, म्हणाली,
"हॉर्नवाल्याचंही नाव नाहीये बघ."

मला ती मिसळ उतरली नाही.

त्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर,
टाकीशेजारी, जिथं वायफाय जेमतेम पोचतं,
सरळ रस्ते शोधत बसलो.
होते की. कधीचेच होते.
फुकट ऐकायचं तर दोन गाण्यांमध्ये टूथपेस्टची जाहिरात;
चालेल, घरी बाबाही मधेच बोलतात.
विद्यार्थ्यांना अर्धा दर, पण ओळखपत्राचा फोटो लागतो.
माझ्या त्या फोटोत मी चोर दिसतो.
बरोबरच आला होता म्हणायचा.

आणि जुन्या तबकड्या, ज्यांच्या हक्कांची मुदत सरली,
आता कुणा एकाच्या नाहीत,
खुशाल उतरवून घ्या.
त्यातली एक लावली.
खरखर, खरखर, मग एक बाई गाते
आणि गाणं संपता संपता
घाईघाईनं स्वतःचं नाव सांगते.
शंभर वर्षं आधीच तिला कळलं होतं जणू
शकील मोबाईलचं.

मी ते नाव तीनदा ऐकलं.

मग रेणुकाचं गाणं विकत घेतलं.
बारा रुपये. कटिंग चहाच्या एका फेरीएवढे.
पावती आली, माझ्या नावाची,
आयुष्यातली गाण्याची पहिली.

ते कार्ड अजून कंपासपेटीत आहे.
पुसलं नाही. लावलंही नाही.
शकीलभाई आता स्क्रीनगार्ड बसवतो,
बुडबुडा राहिला तर पैसे परत.

आणि परवा सहज उघडून पाहिलं
तर गाण्याखाली रेणुकानं नवी ओळ घातलीय:
शब्द, चाल, आवाज – रेणुका जेजुरकर.
गोधड्या – आई.
रिव्हर्स हॉर्न – एमएच पंधरा,
पुढचा नंबर दिसला नाही, माफी असावी.