हातभर, नाहीतर तीन कोस

जेमालने पेट्या मांडल्या त्या वर्षी
अक्रोडाचं रोप गुडघ्याएवढं होतं.
आता दहा वाजले तरी दाराशी ऊन नाही.
माश्या फळीवर थिजून बसतात,
खाडा पडलेल्या बायांसारख्या
एकमेकींकडे बघत.

हिवाळाभर मी जागा शोधली.
बर्फ आधी कुठे विरतो ते बघितलं,
मांजर कुठे जाऊन पसरतं ते बघितलं.
खालच्या खळगीत धुकं दुपारपर्यंत मुक्कामाला : नको.
ओढ्याकाठी शेवाळ आहे, पाय टेकून प्यायला बरं,
पण अस्वलाची वाटही तीच.
मेरिकोच्या तीन पेट्या त्याने
चाटूनपुसून परत केल्या, झाकणं वेगळी.
वरच्या उतारावर पिवळ्या अझेलियाचं रान.
तिथला मध चमचाभर खाऊन जेमाल एकदा
फाटकाच्या खांबाशी संध्याकाळपर्यंत बोलत होता.

राहिला कुंपणालगतचा तुकडा.
मागे दगडी भिंत, समुद्राकडच्या वाऱ्याला पाठ,
तोंड आग्नेयेला, पुढ्यात दोन लिंडन.
इथून चाळीस पावलं.

ती चाळीस पावलंच नडतात.
माशीला घर ठाऊक नसतं, जागा ठाऊक असते.
हातभर हलवा, ती हुडकते.
तीन कोस न्या, ती नव्याने शिकते.
मधलं काही तिला जमत नाही;
जुन्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालते
आणि रात्री गारठते.

अन्झोर बातूमीहून फोन करतो.
आई, तो अक्रोड पाड.
नाहीतर इकडे ये, सातवा मजला आहे, पण लिफ्ट आहे.
बघते म्हटलं.

एप्रिलपासून रोज अंधार पडला की
एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मेरिकोचा नातू,
उचल, हातभर पुढे, ठेव.
अकरा पेट्या. कंबर बोलते.
पोराशी रात्रीला एक चमचा मध ठरलाय,
तो दोन खातो.
मे महिन्यात रांग कपड्यांच्या दोरीखाली आली,
आठवडाभर चादरी घरातच वाळवल्या.
एकदा पाऊस, एकदा माझा ताप : तेवढे दिवस खाडा.

अक्रोड उभाच आहे.
त्याच्या सावलीत गवतावर
अकरा फिक्कट चौकोन, मग पुन्हा अकरा,
जत्रेला निघाल्यासारखे भिंतीकडे गेलेले.

आज सात वाजता ऊन दाराशी होतं.
अन्झोर विचारतो, काय ठरवलंस मग?
चाळीस पावलं आलेय, म्हटलं.
कुठे?
लिंडन फुललंय रे, आवाज ऐकू येत नाही,
रात्री बोल.