दोन किल्ल्या

शोरूममधल्या इद्वलनं हातात ठेवली ती किल्ली नव्हतीच,
साबणाची काळी वडी होती, वापरून गुळगुळीत झालेली.
"खिशातच असू दे," म्हणाला, "तिचं तिला कळतं."
माझी जुनी, लाल, तीन दारांची,
बाहेर भिंतीकडे तोंड करून उभी.
पायपुसण्याखाली एकवीस हिवाळ्यांचा चिखल.
मी शेताशेतांवर ड्रेसिंग बदलत फिरणारी नर्स,
घरापेक्षा जास्त या गाडीतच जेवले आहे.

ट्रेगॅरनच्या चौकातून आम्ही वर निघालो,
जुना गुरांचा रस्ता. या वाटेनं एके काळी
काळे बैल पायी जायचे इंग्लंडच्या बाजाराला,
आणि रस्त्यानं अजून त्यांची चाल सोडलेली नाही:
मनात येईल तिथे वळतो,
ओढा दिसला की उतरतो पाणी प्यायला.

नवी धावली. खोटं कशाला बोलू?
पाय जरा टेकवला
आणि पाठ सीटमध्ये रुतली, डोंगर अंगावर आला,
चढ संपला तेव्हा माझं वाक्य अर्धंच झालं होतं.
जिथे जुनीला मी गोंजारत, शिव्या देत
तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरवते
तिथे ही गुरगुरत गेली.
गुरगुर खरी नव्हती.
"आवाज स्पीकरमधून येतो," इद्वल जरा ओशाळून म्हणाला,
"पाच प्रकारचे आहेत."
पाचही ऐकले.
एकाच माणसानं काढलेल्या नकला.
आणि स्टिअरिंग इतकं हलकं
की खाली रस्ता आहे, असं कुणीतरी नुसतं कळवलं होतं.

मग वळणावर मेंढी.
माझा पाय ब्रेककडे निघायच्या आत
गाडी थांबलेली.
पट्टा छातीत, समोर लाल अक्षरं,
मेंढीनं आमच्याकडे पाहिलं, रवंथ चालू ठेवला.

जुनीतही थांबले असते मी. थांबले आहे,
कितीदा तरी, हिच्या आयांपुढे, आज्यांपुढे,
पण तेव्हा थरथरणारा गुडघा माझा असायचा.
आज आभार कुणाचे मानायचे, कळेना.
तरी मेंढी जिवंत होती.
मेंढीपुढे काय वाद घालणार.

खाली आल्यावर इद्वल म्हणाला,
"तुमची चालवून बघू का, नर्स प्रॉसर? किंमत लावायला लागते."
माझ्या गाडीहून वर्षभरानं धाकटा पोरगा.
मी किल्ली दिली, दात असलेली,
आईच्या घराच्या चावीला बांधलेली.
फाटकातच दोनदा बंद पाडली त्यानं.
क्लच नेमका कुठे धरतो
ते माझ्या डाव्या पोटरीखेरीज कुणाला ठाऊक नाही.
मग गेला.

दहा मिनिटं म्हणाला होता.
मेरेरिदनं दिलेला चहा कागदी कपात गार झाला.
माहितीपत्रकात सात रंग होते,
सगळे राखाडीचे भाऊबंद.
पाऊस आला, थांबला, परत आला.
चाळीस मिनिटं.

परतला तेव्हा टपापर्यंत चिखल,
आणि त्याची उजवी बाही खांद्यापर्यंत ओली:
ती काच वर जात नाही, सांगायचं राहूनच गेलं होतं.
कान लालभडक.
इंजिन बंद करूनही तो थोडा वेळ आतच बसला,
जसं कुणी सांगायचं ते सांगून झाल्यावरही
दारात रेंगाळतं.

"साडेसातशे पौंड," कागदावर लिहिलं.
मेरेरिद फोनवर होती, ते बघून हळूच:
"पण बदल्यात देऊ नका.
आणि दिलीतच, तर आधी मला सांगा."

शनिवारी कळवते म्हटलं. साबणाची वडी परत केली.

गाडीत बसले तर पाय क्लचला पोचेना,
लांबटांग्या पोरानं सीट मागे सारलेली.
पुढे ओढली, आरसा वळवला,
आणि तेव्हा लक्षात आलं, कसली शांतता आहे ही.
वर्षानुवर्षं बडबडत असलेला माझा रेडिओ
त्यानं बंद केला होता,
इंजिन ऐकायला.