कोळसा आणि पोलाद

रात्र महाविद्यालय, साडेसातचा तास.
एक ट्यूब चालू, एक फडफडती.
फळ्यावर लिहिते : पॅरिस, १९५१. सहा देश.
तासिका तत्त्वावर आहे मी, पैसे दिवाळीनंतर मिळतील म्हणे,
तरी सीमा नीट काढते,
ऱ्हाईन नदी तर खडू मोडेपर्यंत दाबून.

पहिल्या बाकावर दस्तगीर शिकलगार,
वय बावन्न, बी.ए. भाग दोन,
उद्यमनगरातून थेट आलेला, भुवयांत काळी वाळू.
आजा तलवारींना धार लावायचा,
हा पंपांचे भाग ओततो.
वही कोरी. हाताची घडी.

सांगते : फ्रान्स आणि जर्मनी,
सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांच्या अंगावर गेले.
मग कुणीतरी म्हणालं, मैत्रीचं नंतर बघू,
आधी कोळसा एका वहीत मांडू. पोलादही.
कोण किती वितळवतो हे शेजाऱ्याला दिसलं
तर चोरून तोफ ओतता येणार नाही.

मागे कुणीतरी हसतं. दस्तगीर हसत नाही.
"बराबर हाय मॅडम.
भट्टीनं किती कोक खाल्ला तेवढं सांगा,
आत काय ओतलंय ते मी सांगतो."

"आपल्याकडंबी झालता की तह," संजीवनी चौगुले म्हणते,
"वारणेचा."
हो. सतराशे एकतीस.
सातारा आणि कोल्हापूर, एकाच घरातले दोघे,
नदी मधे ठेवून उठले.
तहात नदी वाटतात, मी म्हणते,
आणि थांबते, पुढचं वाक्य पुस्तकात नाही :
त्या सहांनी धूर वाटून घेतला.

मग रोम, सत्तावन्न साल.
छपाई वेळेत झाली नाही,
म्हणून कोऱ्या पानांच्या गठ्ठ्यावर सह्या झाल्या, असं सांगतात.
हे परीक्षेला येत नाही.
वर्ग नेमकं तेवढंच लिहून घेतो.

मास्ट्रिख्ट, लिस्बन.
नावं शहरांची, कलमं वकिलांची. जांभया.
पोलंड आलं दोन हजार चारला,
आणि माझा हात खिडकीकडे जातो :
त्या तिकडं, वळिवड्यात,
युद्धानं हाकललेली पोलंडची माणसं राहून गेली,
हजारोंनी, पाचेक वर्षं.
त्यातलं एखादं पोर त्या रात्री
म्हातारं होऊन टीव्हीसमोर बसलं असेल,
त्याला पंचगंगा आठवली असेल.
किंवा नसेल.

आणि पहिला करार? संपला.
दोन हजार दोनला. मुदतच पन्नास वर्षांची होती.
"कराराला बी तारीख असती व्हय?"
दस्तगीर पहिल्यांदा पेनाचं टोपण काढतो.

तीन आठवडे आला नाही.
आला तो पाचशेचा स्टॅम्प घेऊन.
बापाच्या फौंड्रीत मधे पत्र्याची भिंत,
इकडं हा, तिकडं धाकटा मौला,
सात वर्षं एका नळाला दोन कुलपं.
भिंत आहे तशीच. बोलणं अजून नाही.
फक्त कोकचा ट्रक एकच मागवायचा,
एकाच काट्यावर तोलायचा,
आणि वही दोघांनी रोज संध्याकाळी बघायची.
"साक्षीदार म्हणून तुमी सही करा.
आमच्यातला कोण चालत न्हाई त्याला."

वाचते. मुदत : पन्नास वर्षं.
मी बावन्नात पन्नास मिळवते, काही बोलत नाही.
चौथ्या कलमाखाली दोन पानं कोरी.
"ही?"
"ऱ्हाऊ द्यात. पोरं लिवतील.
न्हाईतर फाडतील."

माझं पेन चालत नाही. तो खिशातलं देतो,
धरताना बोटांना वाळू लागते.

ते गेल्यावर फळा पुसते.
पॅरिस जातं, रोम जातं, सहाचा आकडा जातो,
ऱ्हाईन जात नाही, दाबून काढलेली.
राहू दे. उद्या तिच्यावरच
कॉमर्सचे सर जमाखर्च मांडतील.