दोन वह्या

केनान फोर्कच्या दफनाच्या वहीत
पहिलं पान उंदरांनी खाल्लंय.
म्हणून आमचं गाव सुरू होतं
थेट सातव्या मृत्यूपासून.

मी दर मंगळवारी येते. भिंग, पेन्सिल, स्वेटर.
समितीला पुस्तिकेसाठी हवेत
नामांकित रहिवासी, बारा, फार तर तेरा,
फोटो असतील तर उत्तम.

बिशप अल्वा थर्स्टन लगेच मिळाले.
गिरणी त्यांची, सभागृहाचा दगड त्यांचा,
तिघी बायका त्यांच्या.
उंच शिळेच्या उजवीकडे दोघी,
तिसरी पार कुंपणाला लागून,
तिच्या रकान्यात नुसतं "मिसेस".
मी तिचीच पणती.
नाव मलाही सापडलेलं नाही.

मृत्यूच्या कारणाला तेव्हा
फारसे शब्द नव्हते.
ताप. बैल. दात येताना.
एका हिवाळ्यात घसा, घसा, घसा,
मग लिहिणाऱ्यानं, कंटाळून की रडून,
खाली नुसत्या खुणा ओढल्यात:
वरच्यासारखंच.
अकरा खुणा. सगळ्या बुटक्या.

त्या अकराही खाचा खणल्या
येप्पे स्कोवगार्डनं.
युटलंडहून युटात आलेला,
अर्धी वाट हातगाडी ओढत,
आणि वहीत त्याचं नाव
चार वेळा, चार तऱ्हांनी चुकलेलं.
शेवटची नोंद: जुलै, रात्री दोनच्या सुमारास, पाटावर.
कारण: कोरं.

इथवर मी मागेच आले होते.
आज पाण्याची वही उघडली, सहज,
पाटकऱ्याची, चिखलाच्या बोटांची.
तीच रात्र.
स्कोवगार्ड, दोन ते चार. पाणी पूर्ण घेतलं.

मेलेल्या माणसानं दारं धरली?

खालची ओळ:
केतुरा बिन्स, चार ते सहा. घेतलं नाही.

मी भिंग खाली ठेवलं.
म्हणजे ही आपल्या पाळीसाठी
कंदील घेऊन लवकर आलेली,
हा पाटाच्या कडेला, फावड्यावर कलंडलेला,
आणि पाणी तर चालूच,
पाणी कुणासाठी थांबतंय.
ती ओरडली नसेल. घंटेकडे धावली नसेल.
स्कर्ट खोचून
त्याचं फावडं घेऊन
त्याच्या गव्हाच्या एकेका सरीला
शेवटच्या सरीपर्यंत भिजवत गेली असेल,
दोन तास,
अधूनमधून त्याच्याकडे बघत.
चारला दार टाकलं,
आणि मगच हाक मारायला गेली.
तिचा स्वतःचा मका
त्या आठवड्यात कोरडा राहिला.

की असं काहीच झालं नाही,
आणि पाटकऱ्यानं सवयीनं लिहिलं?
तेही होऊ शकतं.

पाट आता पाइपात गेलाय.
नळावर हात धुऊन मी समितीचा फॉर्म भरला.
तेरावं नाव: केतुरा बिन्स.
फोटो: नाही.
कर्तृत्व: चार ते सहा. घेतलं नाही.

पेन्सिलनं लिहिलंय.
खोडतील, माहीत आहे.
म्हणून जरा दाबून.