प्रत क्रमांक सतरा

जानेवारीचा दुसरा सोमवार, बाहेर उणे सत्तावीस.
बसचं डिझेल गोठलं, म्हणून अर्धा वर्ग उशिरा आला
आणि रेडिएटरला पाठ टेकायला मिळावी
म्हणून आधी थोडी ढकलाढकली.

नवं सत्र. फळ्यावर तारीख घातली,
खाली माझं नाव : मिसेस प्रेबिच.
सगळ्यांना ठाऊक आहे ते. गाव केवढं, तर खाणीचा भोंगा
या टोकाला वाजला की त्या टोकाची कुत्री उठतात.
तरी लिहिते. तेहतीस वर्षांची खोड.

हजेरी.
डिलन झुपान हजर, पण डोकं बाकावर.
रोको बाराले विचारतो, यातलं परीक्षेला किती?
टेक्ससहून आलेला एक नवा मुलगा
हातमोजे काढायला तयार नाही.

मग पुस्तकं.
कपाटात तीस, त्यातली दोन गहाळ,
एकाला कुणीतरी कॉफी पाजलेली.
कादंबरी तीच, दरवर्षीची, आणि मीही तीच;
दोघींचे कणे आता सैल झालेत.

आतल्या पानावर शाळेचा शिक्का,
खाली रकाने : नाव, साल, पुस्तकाची स्थिती.
स्थिती मी भरते.
उत्तम. बरी. बरी. फाटकी, पण चालेल.

"मिसेस पी," आयली हुहता म्हणाली,
"हे माझ्या आईचं नाव आहे."

प्रत क्रमांक सतरा.
क्रिस्टल हुहता, दोन हजार आठ. स्थिती : बरी.
खाली आणखी सात नावं होती,
पण आयलीचं बोट तिथून हलेना.

वर्ग शांत वगैरे झाला नाही. वर्ग असे होत नसतात.
डिलन बारीक घोरत होता.
मला आठवलं खिडकीजवळचं तिसरं बाक,
मार्च संपला तरी अंगावरून न उतरलेला
वडिलांच्या मापाचा स्वेटर,
आणि प्रश्न विचारला की आधी हसू, मग उत्तर,
बहुतेक वेळा बरोबर.
एप्रिलात तीन आठवडे मी गैरहजर, गैरहजर लिहीत गेले
आणि मग पट्टी ठेवून
लाल शाईने नावावर रेघ मारली.
सरळ आली रेघ, कुठे हलली नाही.
फोन करायला हवा होता घरी.
निबंधांचा गठ्ठा होता तपासायचा. होताच,
खोटं नाही सांगत.

आयली पानं उलटत होती.
आईच्या पेन्सिलीच्या रेघा, फिक्या, भीत भीत मारलेल्या.
समासात कुठे "का?", कुठे "खोटं!",
एके ठिकाणी अंडी, साबण, बॅटरीचे सेल.
पान ब्याऐंशी. पान त्र्याऐंशी.
पुढे नुसती छपाई.

पोरीने बोटांवर काहीतरी मोजलं.
मी फळा पुसायला वळले. वजाबाकी तिची होती,
मी कशाला मध्ये पडू?

"तिने पुरी वाचलीच नाही?"
"नाही."
"शेवटी काय होतं?"
"आत्ताच सांगितलं तर जूनपर्यंत करायचं काय आपण?"
रोको हसला. ती नाही हसली.
आठव्या ओळीवर तिने आपलं नाव लिहिलं,
अक्षर मोठं, रकान्याबाहेर गेलेलं.
स्थितीची जागा मी तेवढी मोकळी ठेवली.
काय लिहावं ते सुचेना.

शुक्रवारी घरी नेलेल्या प्रती पाहिल्या,
कुणाच्या पाठीशी काय झालंय ते बघायला.
सतरा नंबर. पान चौऱ्याऐंशी.
नवी रेघ, दाबून मारलेली, कागद जरा उठलाय.
पान नव्वदला दुधासारखा डाग.
पान एक्क्याण्णवच्या समासात :
"अजूनही खोटं!"
अक्षर आयलीचं नाही.

शाळेच्या पुस्तकात लिहिण्याचा दंड दोन डॉलर.
नियम दारावर चिकटवलाय, माझ्याच सहीचा.
कुणाकडून घ्यायचा,
ते अजून ठरवलेलं नाही.